दरबारी तसबिरीची नक्कल: कापड ताणण्यापासून मागच्या नोंदीपर्यंत

लाटंबार्सेहून दोडामार्गाची हद्द ओलांडली की सावंतवाडीकर भोसल्यांचा जुना मुलूख लागतो. १७८१ मध्ये डिचोली पोर्तुगिजांकडे गेली ती १९६१ पर्यंत. त्याआधी आपला भागही त्याच मुलखात मोडत होता. त्यामुळे इकडच्या घरांत ओसरीवर एखाद्या राजाची किंवा पेशव्याची तसबीर असावी, अशी हौस आजही दिसते. दुकानात मिळते ती बहुतेक वेळा संगणकावरून कापडावर छापलेली. वर थोडे पारदर्शक जेल फिरवून ब्रशचे फटकारे उमटवले, की ती ‘हँडपेंटेड’ म्हणून खपते. खरोखर हाताने, तैलरंगात, मूळ चित्रावरून केलेली नक्कल हवी असेल तर ती स्वतः करावी किंवा निदान कशी करतात ते ठाऊक असावे. त्यासाठी ही कृती.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. नक्कल म्हणजे सुधारून वाढवलेली आवृत्ती नव्हे. मूळ चित्रकाराने जे पाहिले ते आपल्या हातून बदलू न देणे, एवढेच नक्कल करणाऱ्याचे काम. हे न पाळल्यास काय होते, याचा धडा गोव्यातच आहे. १५४७ मध्ये दों जुआंव द कास्त्रो यांनी आपल्या आधीच्या गव्हर्नरांची चित्रे करून घेतली. त्या सगळ्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या गास्पार कोर्रेया या इतिहासकाराने देखरेख केली आणि रंगकाम इथल्याच एका चित्रकाराने केले. पुढच्या व्हाइसरॉयांची भर पडत ही मालिका वाढत गेली. आज ती जुन्या गोव्यात, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठातील पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पण मधल्या शतकांत डागडुजीच्या नावाखाली त्यांवर इतक्या वेळा रंग चढला की कित्येक चित्रांत मूळ चेहरा, मूळ पोशाख खालच्या थरात गाडला गेला. त्या चित्रकाराचे नावही कोणी लिहून ठेवले नाही. या दोन्ही चुका आपण टाळायच्या आहेत.

साहित्य

- कॅनव्हास: सुती किंवा जवसाच्या धाग्याचा (लिनन), मध्यम विणीचा, २८ × २२ इंच.
- चौकट: २४ × १८ इंच, वाळलेल्या सागवानाची. कोपरे खिळ्यांनी जाम केलेले नकोत. पाचर मारून ताण वाढवता येईल असे हवेत.
- अ‍ॅक्रिलिक जेसो, २२० नंबरचा पॉलिश पेपर.
- तैलरंगाच्या ट्यूब: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, लाइट रेड, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमझन, प्रशियन ब्लू, टेर व्हर्ट, आयव्हरी ब्लॅक.
- ब्रश: राठ केसांचे चपटे २, ६ आणि १० नंबर, मऊ केसांचे गोल ० आणि २ नंबर.
- शुद्ध जवसाचे तेल (आर्टिस्ट ग्रेड), टर्पेंटाईन, झाकणाच्या दोन बाटल्या, सुती फडकी.
- ट्रेसिंग पेपर, सुई, कोळशाची पूड, मलमलीची पुरचुंडी.
- हातआरसा, भिंग, फूटपट्टी, मऊ पेन्सिल.

सोनेरी आणि चंदेरी रंगाची बाटली या यादीत नाही. ती का नाही, ते पुढे येईल.

१. चित्र निवडा

निवडताना तीन प्रश्न विचारावेत. हे चित्र कोणी काढले? मूळ आज कुठे आहे? आणि त्याची नक्कल करायला मला मोकळीक आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या चित्रांवर हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, कोल्हापूर दरबारचे आबालाल रहिमान १९३१ मध्ये, ‘शिवराज्याभिषेक’ रंगवणारे म. वि. धुरंधर १९४४ मध्ये. या तिघांची चित्रे मोकळी आहेत. पण आपल्या शेजारच्या अस्नोड्यात जन्मलेले रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले. त्यांच्या चित्रावरून विकण्यासाठी नक्कल करायची तर २०३६ संपेपर्यंत हक्कदारांची परवानगी लागेल. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्याबाबत २०३१ अखेरपर्यंत तोच नियम. घरचे कॅलेंडर कितीही जुने असले तरी ही तारीख बघितल्याशिवाय ब्रश उचलू नये.

पहिल्या नकलेसाठी मी जेम्स वेल्सचे चित्र सुचवीन. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला, इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यामार्फत पुण्याच्या दरबारात पोहोचला आणि १७९५ मध्ये वारला. शनिवारवाड्यात मॅलेटच्या पुढाकाराने निघालेल्या चित्रशाळेत गंगाराम तांबट वेल्सच्याच हाताखाली तयार झाला. वेल्सने १७९२ च्या सुमारास सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून रंगवले. ते मोठे तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे, नाना पन्नाशीचे. कोवळा चेहरा आणि मुरलेला चेहरा एकाच चित्रात शिकायला मिळतात. अख्खे चित्र पहिल्या खेपेस घेऊ नका. नानांचे डोके आणि खांदे एवढाच भाग घ्या. अरुंद, लांबट चेहरा, हाडे स्पष्ट. अशा चेहऱ्यात चूक लपत नाही, त्यामुळे हात लवकर सुधारतो.

घरात जुनी तसबीर असेल आणि तिच्यावरूनच काम करायचे असेल, तर आधी भिंगातून पाहा. बारीक ठिपके एकसारख्या रांगांत दिसले तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. वेड्यावाकड्या ठिपक्यांचे थर दिसले तर जुना शिळाछाप असू शकतो. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रे अशी दगडावरून छापलेली. त्या छपाईत एकेका रंगासाठी वेगळा दगड लागे, म्हणून मूळ तैलचित्रातल्या बारीक छटा तिच्यात उतरत नाहीत. छापलेल्या चित्राची नक्कल म्हणजे नकलेची नक्कल. शक्य असेल तेव्हा मूळ चित्राचेच छायाचित्र मिळवा.

२. आकार ठरवा आणि संदर्भ जमवा

नक्कल मूळ चित्राएवढी करू नये. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नक्कल करायला बसणाऱ्यांना नियमच आहे: चित्र मुळापेक्षा निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठे हवे आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. उद्या कोणी आपली नक्कल अस्सल म्हणून विकू नये, यासाठी हा बंदोबस्त. आपणही तो पाळावा.

चित्र ज्या संस्थेकडे आहे तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील मोठ्यात मोठी प्रतिमा घ्या. त्याच चित्राच्या आणखी दोन प्रतिमा शोधा. एकीत मलमल पिवळी दिसेल, दुसरीत निळसर. तिन्ही शेजारी ठेवा आणि संस्थेची प्रतिमा प्रमाण माना. निवडलेला भाग १२ × ९ इंचांत, चकाकी नसलेल्या कागदावर छापून घ्या. मोबाईलच्या पडद्यावरून रंग जुळवू नका. पडदा मागून उजळलेला असतो, त्यावरचा पांढरा रंग कोणत्याही ट्यूबमधून निघत नाही.

शिवाय एकदा तरी अस्सल तैलचित्रासमोर उभे राहा. जुन्या गोव्याचे संग्रहालय जवळ आहे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील छत्रपतींचा संग्रह, औंधचे श्री भवानी संग्रहालय किंवा बडोद्याचे महाराजा फत्तेसिंह संग्रहालय यांपैकी काही जमले तर उत्तम. छायाचित्रात जे कळत नाही ते तिथे कळते: रंग कुठे जाड आहे, कुठे इतका पातळ की कापडाची वीण दिसते, आणि अंधाऱ्या भागात चित्रकाराने किती कमी काम केले आहे.

३. कापड ताणा, अस्तर द्या

तैलरंगाच्या कामाला आपल्याकडे हंगाम आहे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. दमट आणि अंधाऱ्या दिवसांत हे काम रेंगाळते, वर ओल धरलेल्या कापडावर बुरशी येते. पौषात तीन दिवसांत वाळणारा थर आषाढात सहज आठवडा घेतो. म्हणून मिरगाच्या आधी चित्र पूर्ण वाळलेले असेल असा हिशेब करून सुरुवात करा.

चौकट मेजावर ठेवा, चारही कोपरे काटकोनात आहेत ना ते कर्णांची लांबी मोजून पाहा. कापड वर पसरा. पहिली टाचणी एका लांब बाजूच्या मधोमध, दुसरी बरोबर समोरच्या बाजूला, मग तशाच उरलेल्या दोन. नंतर मधून कोपऱ्यांकडे, दर वेळी समोरासमोर. एका बाजूने सुरू करून दुसरीकडे ओढत गेलात तर वीण तिरकी होते आणि पुढे चेहरा वाकडा वाटू लागतो, पण कारण सापडत नाही.

जेसोचा पहिला हात आडवा, वाळल्यावर पॉलिश पेपर, दुसरा हात उभा, पुन्हा पॉलिश पेपर. चेहऱ्याच्या जागी तिसरा हात द्या, म्हणजे वीण बारीक ब्रशला अडवणार नाही. चौकटीच्या लाकडाला मागून एक हात पॉलिशचा द्यावा, वाळवीला तेवढाच अडथळा.

आता पांढऱ्या पृष्ठभागाला रंग द्या. रॉ अंबरमध्ये थोडा पांढरा आणि भरपूर टर्पेंटाईन घालून पातळ हात फिरवा, फडक्याने पुसून एकसारखा करा. मध्यम राखाडी-तपकिरी तळ तयार होतो. कोऱ्या पांढऱ्यावर प्रत्येक रंग काळा वाटतो आणि मग सगळे चित्र नको तेवढे फिकट होते. तळ दोन-तीन दिवस वाळू द्या.

४. रेखाटन उतरवा

दोन पद्धती आहेत. फलक रंगवणारे करतात तो ग्राफ, आणि जुन्या चित्रशाळांमधला खाका. दोन्ही वापरा.

छापील प्रतीवर एक-एक इंचाचे चौकोन आखा आणि कापडावर दोन-दोन इंचांचे. चेहऱ्याच्या भागात त्यांचे आणखी चार भाग करा. चौकोनांना वरून आकडे आणि बाजूने अक्षरे द्या. आता ‘नाक’ किंवा ‘डोळा’ काढू नका. अमुक चौकोनात रेघ कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते एवढेच पाहा. नाक म्हणून काढले की हात आपल्या सवयीचे नाक काढतो.

चेहरा थेट कापडावर खोडून-पुसून खराब करू नका. तो आधी त्याच मापात कागदावर काढून पक्का करा. मग ट्रेसिंग पेपरवर घ्या आणि रेषांवर सुईने जवळजवळ भोके पाडा. हा खाका कापडावर बसवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलक्या हाताने आपटत फिरवा. कागद उचलला की ठिपक्यांत चेहरा उतरलेला असतो. ठिपके जोडण्यासाठी पातळ केलेला रॉ अंबर आणि ० नंबरचा ब्रश घ्या. उरलेली पूड फुंकून टाका.

रंगाला हात लावण्यापूर्वी तीन तपासण्या करा. चित्र आरशात पाहा. चित्र आणि प्रत दोन्ही उलटी ठेवून पाहा. आणि मापे घ्या: डोळ्यांमधले अंतर, नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत, पगडीची उंची चेहऱ्याच्या उंचीच्या किती पट. इथे पाव इंचाची चूक सोडली तर पुढची सगळी मेहनत दुसऱ्याच कोणा माणसावर खर्च होते.

५. एकरंगी थर

फक्त रॉ अंबर आणि पांढरा घेऊन सगळे चित्र उजेड-सावलीत बसवा. तेल घालू नका, टर्पेंटाईननेच पातळ करा. तैलरंगाचा पहिला नियम इथून सुरू होतो: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलट केले तर वरचा थर आधी आक्रसतो, खालचा नंतर, आणि काही वर्षांत भेगा पडतात.

सर्वांत गडद जागा आधी: पार्श्वभूमी, पगडीची आतली सावली, गळ्याखालचा भाग. मग मधल्या छटा. सर्वांत उजळ जागा शेवटी आणि मोजक्याच: कपाळ, नाकाचा कणा, खांद्यावरचे कापड. डोळे बारीक करून प्रत आणि चित्र पाळीपाळीने पाहा. तपशील विरघळतो आणि मोठे आकार जुळतात की नाही ते लगेच दिसते. अंबर लवकर वाळतो, पांढरा उशिरा. बोट लावल्यावर चिकट लागत असेल तोवर पुढे जाऊ नका.

कामाला उत्तरेचा उजेड घ्या. चिऱ्यांच्या जुन्या घरांत खिडक्या लहान असतात, अशा वेळी ओसरीत बसा. मात्र लाल अंगणावरून आलेला उजेड चित्रावर पडू देऊ नका, त्याने त्वचेचे रंग फसतात. रात्री काम करायचे तर ५००० केल्विनचा एलईडी दिवा चित्र आणि प्रत दोन्हींवर सारखा पडेल असा लावा.

६. चेहरा

रंगपाटीवर आधी तीन छटा कालवून ठेवा. मधली: यलो ऑकर तीन भाग, लाइट रेड एक भाग, पांढरा लागेल तसा. उजळ: त्यातच पांढरा आणि चिमूटभर ऑकर. सावलीची: मधल्या छटेत रॉ अंबर आणि किंचित टेर व्हर्ट. काळा घालून सावली करू नका, चेहरा मळकट होतो. गाल, कानाची पाळी, नाकाचा शेंडा आणि बोटांची टोके यांत लाइट रेड थोडा जास्त. कपाळावर ऑकर जास्त. दाढी केलेल्या हनुवटीवर टेर व्हर्टची पुसट छटा.

एक सावधगिरी पांढऱ्याबाबत. टायटॅनियम व्हाइट विसाव्या शतकात आला. वेल्सच्या रंगपाटीवर शिशाचा पांढरा होता, तो उबदार आणि थोडा पारदर्शक. शिसे विषारी असल्याने आपण तो घेत नाही, पण टायटॅनियम जसाच्या तसा वापरला तर चित्र खडूसारखे कोरडे दिसते. म्हणून ट्यूबमधून काढलेल्या पांढऱ्यात आधीच वाटाण्याएवढा ऑकर मिसळून ठेवा. निळ्याचेही तेच. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकात निघाला, प्रशियन ब्लू मात्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात होता. पेशवाईतल्या चित्रासाठी तोच घ्या, पण जपून. तो मोहरीएवढाही पुरतो. कॅडमियम रेड त्या काळी नव्हता, हिंगूळ होता. हिंगुळात पारा असतो म्हणून हा बदल.

क्रम असा ठेवा: सावल्या, मधल्या छटा, दोन्हींचे सांधे, मग उजेड. डोळे सर्वांत शेवटी. डोळ्याचे पांढरे कधीच पांढरे नसते, ते वरच्या पापणीच्या सावलीत राखाडी असते. बाहुलीवरचा उजेडाचा ठिपका दोन्ही डोळ्यांत घड्याळाच्या एकाच काट्यावर हवा. ओठांची रेषा काळी नको. बर्न्ट सिएना आणि क्रिमझन पुरे.

इथेच सुधारण्याचा मोह होतो. नानांचे गाल भरावेत, पेशव्यांच्या छातीला रुंदी द्यावी, नजर करारी करावी, असे वाटते. गिऱ्हाईकही तेच मागते. नाही म्हणा. वेल्सच्या समोर बसलेला माणूस कृश होता, तर तो कृशच राहिला पाहिजे. ज्याला रुबाबदार पेशवा हवा त्याला नवे, कल्पनेतले चित्र काढून द्या आणि त्याला नक्कल म्हणू नका.

७. मलमल, मोती, सोने

दरबारी तसबिरीचा अर्धा जीव पोशाखात असतो.

*मलमल.* झिरझिरीत अंगरख्यातून दंड दिसतो तो रंगवायचा तर आधी उघडा दंड पुरता रंगवून वाळू द्या. मग जवळजवळ कोरड्या ब्रशवर थोडा पांढरा घेऊन वरून घासत न्या, खालची त्वचा झाकली जाता कामा नये. कापड दुहेरी झाले तिथे दुसरा हात, चुणी पडली तिथे तिसरा. कडा मात्र एका दमात, ओल्या रंगाने, स्पष्ट. चुण्यांची संख्या मोजून उतरवा. मनाने चुण्या घातल्या की त्या सांध्यावरून येत नाहीत आणि बाही रिकामी वाटते.

*मोती.* कंठा असो की भिकबाळी, एकेक मोती सुटा रंगवायला घेऊ नका. आधी पूर्ण सराची एक राखाडी पट्टी ओढा: पांढरा, थोडा ऑकर, अगदी थोडा काळा. ती ओली असतानाच मोत्यांमधल्या फटी गडद रंगाने खुणावा, म्हणजे गोल वेगळे होतात. आता प्रत्येक गोलाच्या खालच्या बाजूला गडद कोर द्या, आणि त्या कोरीच्याही खाली, अगदी कडेला, अंगरख्यावरून परतलेल्या उजेडाची फिकट रेघ. ही रेघ नसेल तर मोती शाबुदाण्यासारखा सपाट दिसतो. शेवटी वर, उजेडाच्या बाजूला, शुद्ध पांढऱ्याचा एक ठिपका. टेकवायचा आणि ब्रश उचलायचा, फिरवायचा नाही. हा ठिपका सगळ्या मोत्यांना देऊ नका. उजेडासमोरच्या चार-पाचांना द्या, बाकीचे सावलीत विरू द्या. सराची कपड्यावर पडलेली सावली विसरू नका, तिच्याशिवाय सर अंगावर बसत नाही.

*सोने.* युरोपीय धाटणीच्या तैलचित्रात सोने रंगाने दाखवतात, सोन्याने नव्हे. शिरपेचाचा तळ रॉ अंबर, मधली छटा ऑकर आणि रॉ सिएना, उजळ जागा ऑकर-पांढरा, आणि चमक म्हणजे दोन-तीन जाड ठिपके. बाटलीतला सोनेरी रंग उजेड बदलला की चमकतो किंवा काळवंडतो आणि शेजारचा चेहरा मेलेला वाटतो. खरा सोन्याचा वर्ख लघुचित्रांत आणि तंजावरच्या चित्रांत शोभतो. ती कृती वेगळी.

लाल शेला किंवा मखमलीचा लोड असेल तर तो आधी कॅडमियम रेड आणि लाइट रेडने अपारदर्शक रंगवा. पूर्ण वाळल्यावर अलिझरिन क्रिमझनमध्ये तेल आणि टर्पेंटाईन सारखे घालून पातळ पारदर्शक हात द्या. लाल रंगाला खोली येते ती या हातामुळे. रंग कालवून ती येत नाही.

८. थांबा, तपासा, वाळवा

चित्र झाले असे वाटले की ते आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा. मग आरशातून पाहा. जुळत नाही ते आता डोळ्यात भरेल, दुरुस्त करा. मूळ चित्रावरच्या भेगा, डाग, पिवळेपणा यांची नक्कल करू नका. ते चित्रकाराचे काम नाही, काळाचे आहे. चहाचे पाणी, धूर, काळपट वार्निश लावून चित्र मुद्दाम जुने दाखवणे ही फसवणूक आहे.

शेवटचे वार्निश पातळ थरांच्या चित्रालाही सहा महिन्यांआधी लावू नये. तोवर लागलेच तर रिटचिंग वार्निशचा हलका फवारा पुरेसा. वार्निश असे निवडा की ते पुढे रंगाला धक्का न लावता काढता येईल. आपण गेल्यावर चित्र स्वच्छ करणाऱ्याचा विचार आजच करायचा असतो.

जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. टर्पेंटाईनची बाटली उघडी असताना खिडकी बंद नको, आणि जवळ निरांजन किंवा उदबत्तीही नको.

९. मागची नोंद

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पुढून चित्र कितीही उतरले तरी मागची नोंद नसेल तर काम अपुरे आहे.

चुकीचे चित्र किती दूर जाते ते महाराष्ट्राने अनुभवले आहे. शिवाजी महाराजांचे म्हणून एका भलत्याच सरदाराचे चित्र वर्षानुवर्षे छापले जात होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ च्या सुमारास डच साधनांतील समकालीन चित्र पुढे आणले तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. चित्राखाली नाव कोणी लिहिले, कशावरून लिहिले, याची नोंद असती तर इतका घोळ झाला नसता.

चौकटीच्या लाकडावर, कापडावर नव्हे, मऊ पेन्सिलीने लिहा. कापडावरची शाई पुढे झिरपते. मजकूर असा:

“नक्कल. मूळ: जेम्स वेल्स, तैलरंग, पुणे, सुमारे १७९२, रॉयल एशियाटिक सोसायटी, लंडन. मूळ चित्राचा भाग, आकार बदलून. संस्थेच्या छायाचित्रावरून. नक्कल करणार: (नाव), लाटंबार्से, डिचोली. वर्ष: … बदललेले रंग: शिशाच्या पांढऱ्याऐवजी टायटॅनियम, हिंगुळाऐवजी कॅडमियम.”

पुढच्या बाजूला सही करायची असेल तर स्वतःची करा. वेल्सची सही उतरवू नका.

१०. भिंत आणि पावसाळा

चिऱ्याची भिंत ओल धरते. चित्र तिला चिकटून टांगू नका. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे अर्धा इंच तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळते. नैऋत्येचा पाऊस ज्या भिंतीवर झोडपतो ती टाळा. देव्हाऱ्याच्या वर किंवा चुलीच्या बाजूला नको, धुराची काजळी वार्निशवर बसते. तैलचित्राला काच लागत नाही. आपल्या हवेत काचेआड ओल अडकते.

पावसाळ्यात पंधरवड्याला एकदा मागची बाजू पाहा. बुरशीची पांढरट पूड दिसली तर चित्र उघड्या, सावलीच्या जागी नेऊन मऊ कोरड्या ब्रशने झाडा. ओले फडके, डेटॉल, केरोसीन काही लावू नका. उन्हातही ठेवू नका. चवथीला घर रंगवताना चित्र उतरवून ठेवा. चुन्याचा शिंतोडा तैलरंगावर पडला तर डाग कायमचा राहतो. कापड सैल पडले असेल तर कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने ठोका, पण पाऊस सरल्यावर, कारण दमट हवेत ताणलेले कापड कोरड्या दिवसांत आणखी आवळते.

पहिले चित्र हुबेहूब होणार नाही. तिसऱ्या-चौथ्यापासून हात बसतो, आणि मग सवाई माधवरावांच्या चेहऱ्याला हात घालायला हरकत नाही. चित्र विकायचे असेल तर पावतीवरही ‘हाताने केलेली नक्कल’ एवढे शब्द लिहा आणि त्या कामाचे योग्य दाम मागा. खरी ओळख सांगून विकलेल्या नकलेत कमीपणा काही नाही.